ताऱ्यांचा वजनकाटा

पाठ्यपुस्तकाचे काम करणाऱ्या माणसाला एक सवय जडते. लिहिलेले वाक्य समोर आले की ते शुद्ध आहे की नाही, एवढेच तो प्रथम पाहतो. ते खरे कशावरून, हे पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, अशी त्याची समजूत असते. माझीही तशीच समजूत होती. दक्षिण महाराष्ट्रातील एका अभ्यासकेंद्रात, एका रविवारच्या दुपारी ती मोडली.

आमच्या समितीने भाषेच्या पुस्तकासाठी ताऱ्यांविषयीचा एक पाठ निवडला होता. छपाईपूर्वी तो प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर वाचून पाहावा, म्हणून मी त्या केंद्रावर गेले होते. समोर वीस-बावीस विद्यार्थी होते. शिवणकाम करणाऱ्या दोघी जणी, एक रिक्षाचालक, लग्नामुळे शाळा सुटलेल्या काही मुली. मागच्या बाकावर चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. परिस्थितीमुळे आठवीत त्यांचे शिक्षण थांबले होते आणि आता ते एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोंदी करण्याचे काम करीत होते.

पाठात एक वाक्य होते : ‘या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून अधिक आहे.’ मी ते वाचून पुढे जाणार, तोच त्या गृहस्थांनी हात वर केला.

“बाई, तिथं काटा कोणी नेला?”

वर्ग हसला. मीही हसले. “शास्त्रज्ञांनी मोठमोठ्या दुर्बिणींच्या साहाय्याने ते शोधून काढले आहे,” असे सांगून मी पुढचा परिच्छेद वाचू लागले. ते “बरं” म्हणाले आणि खाली बसले.

वर्ग संपल्यावर ते माझ्याजवळ आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते म्हणाले, “बाई, आमच्या काट्यावर शेतकरी रोज हेच विचारतो. उसाची भरलेली गाडी आधी तोलायची, माल उतरला की रिकामी गाडी तोलायची. वजाबाकी केली की ऊस किती ते कळतं. पण नुसता शेवटचा आकडा सांगून भागत नाही. दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवावे लागतात. मशीन सांगतंय म्हणून ऐका, असं म्हटलं तर तो म्हणतो, काटा मारला.”

परतीच्या बसमध्ये ते बोलणे माझ्या मनातून जाईना. मी त्यांना नुसता शेवटचा आकडा सांगितला होता. भरलेली गाडी कोणती, रिकामी कोणती, वजाबाकी कशातून कशाची केली, यांतले मलाच काही ठाऊक नव्हते. हस्तलिखिताच्या समासात त्या वाक्यापुढे मी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : ‘कसे कळले?’

पुढे काही महिन्यांनी यजमानांची बदली जयपूरला झाली आणि आम्ही मानसरोवर या वसाहतीत राहायला आलो. मानसरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयापलीकडचे सरोवर येते. हे मानसरोवर मात्र घरांचे आहे. राजस्थानच्या गृहनिर्माण मंडळाने वसवलेली ही विस्तीर्ण वसाहत. इथल्या रस्त्यांची नावे मात्र कोणा कवीने ठेवावीत तशी : रजत पथ, स्वर्ण पथ, वरुण पथ. आमचे घर किरण पथाजवळ होते. नव्या गावात ओळखी नव्हत्या, संध्याकाळ मोठी वाटे, आणि घराला प्रशस्त गच्ची होती. समासातले ते दोन शब्द घेऊन मी पुस्तके वाचू लागले, आणि डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून गच्चीवर जाऊ लागले.

ज्या ताऱ्याविषयी ते वाक्य होते, त्याचे नाव अल्गोल. अरबी भाषेत या नावाचा अर्थ राक्षसाचे मस्तक असा होतो. आपण ज्याला ययाती म्हणतो, त्या तारकासमूहात हा तारा आहे. ययातीच्या शेजारी देवयानी आणि थोड्या अंतरावर शर्मिष्ठा आहे. महाभारतातील त्या तिघांची कथा जशी एकमेकांत गुंतलेली, तसे हे तारकासमूहही आकाशात जवळजवळ आहेत. डिसेंबरच्या उत्तरार्धात रात्री साडेनवाच्या सुमारास जयपूरहून पाहिले, तर अल्गोल डोक्याच्या किंचित उत्तरेला दिसतो. तो आपल्यापासून सुमारे ९० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याला शोधायला दुर्बीण लागत नाही.

अल्गोलचे वैशिष्ट्य असे, की तो एरवी चांगला ठळक दिसतो. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. सुमारे पाच तास त्याचे तेज उतरत जाते आणि पुढच्या पाच तासांत ते पूर्ववत होते. सर्वांत मंद असताना त्याचा प्रकाश नेहमीच्या एक तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. याचे कारण असे, की तो एक तारा नसून परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी आहे. त्यांतील मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड आला, की आपल्याला ग्रहण दिसते. अशा जोड्यांना ग्रहणकारी युग्मतारे म्हणतात.

हे सारे वाचून झाले होते. आता ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. पुण्याच्या माझ्या भाचीने ग्रहणांच्या वेळांचा तक्ता पाठवला. एका शुक्रवारी त्यात ‘२०.१०’ अशी वेळ होती. रात्री आठ वाजून दहा मिनिटे, असे समजून मी साडेसात वाजताच गच्चीवर चटई टाकून पडले. आठ वाजले, साडेआठ वाजले. तारा ठळकच होता. नऊच्या सुमारास मात्र तो मला मंद वाटू लागला आणि मी आनंदाने वहीत तशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला, तेव्हा ती हसू लागली. तक्त्यातील वेळ आंतरराष्ट्रीय होती. भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. म्हणजे ग्रहणाचा मध्य रात्री १ वाजून ४० मिनिटांनी होता. मी पाहत होते तेव्हा उतार नुकताच कुठे सुरू होत होता आणि डोळ्यांना जाणवेल असा फरक पडलेलाच नव्हता. मग मला तारा मंद कसा दिसला? तो तसा दिसावा अशी माझी इच्छा होती, एवढेच त्याचे कारण. ती नोंद मी खोडली नाही. तिच्यापुढे ‘चूक’ असे लिहून ठेवले. काट्याकडे न पाहता पावती फाडणे म्हणजे काय, ते मला त्या नोंदीने शिकवले.

आणखी एक चिंता होती. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढू लागला आहे, असे डॉक्टरांनी त्याच वर्षी सांगितले होते. धूसर दिसणाऱ्या डोळ्यांनी ताऱ्याचे तेज मोजायचे म्हणजे बिघडलेल्या काट्यावर माल तोलण्यासारखेच. भाचीने यावर सांगितलेला उपाय फार साधा होता. “मावशी, तू त्याचं तेज मोजूच नकोस. शेजाऱ्यांशी तुलना कर.” देवयानीच्या पायाशी असलेला ठळक तारा अल्गोलच्या नेहमीच्या तेजाइतकाच आहे. ययातीतलाच एक तारा त्याहून मंद आहे. त्रिकोण नावाच्या लहानशा समूहातील दुसऱ्या क्रमांकाचा ठळक तारा, अल्गोल ग्रहणात असताना जितका मंद होतो, तितका आहे. अल्गोल या तिघांपैकी कोणासारखा दिसतो, एवढेच लिहायचे. डोळा धूसर असेल तर चौघेही सारखेच धूसर दिसतील. तुलना बिघडणार नाही. हे ऐकताना मला काट्यावरचे गृहस्थ आठवले. काटा वीस किलो जास्त दाखवत असेल, तर तो भरलेल्या गाडीतही वीस किलो जास्त दाखवील आणि रिकाम्या गाडीतही. वजाबाकीत ती चूक निघून जाईल.

पुढचे ग्रहण सोमवारी रात्री १० वाजून २९ मिनिटांनी होते. सात वाजता अल्गोल देवयानीच्या ताऱ्याहून किंचितच उणा दिसत होता. नऊच्या सुमारास तो ययातीतल्या मंद ताऱ्याच्या बरोबरीला आला. साडेदहाला तो त्रिकोणातल्या ताऱ्याएवढा झाला. खाली रस्त्यावर वाहने नेहमीसारखी धावत होती. शेजारच्या भाभीजी चहा घेऊन वर आल्या. त्यांनी माझ्या बोटाच्या दिशेने पाहिले आणि कुतूहलाने त्याही चटईवर बसल्या. साडेबारापर्यंत तारा पुन्हा चढू लागल्याचे आम्ही दोघींनी पाहिले; आणि या वेळी वहीत त्यांचा अंदाज आधी लिहिला, मग माझा.

अल्गोलचे हे नेमके वेळापत्रक जगापुढे मांडणारा मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याचे नाव जॉन गुडरिक. लहानपणच्या आजारामुळे त्याची श्रवणशक्ती गेली होती. इंग्लंडमधील यॉर्क या गावी तो राहत असे. एडवर्ड पिगट हा त्याचा शेजारी आणि मित्र; त्यालाही आकाश पाहण्याचा छंद होता. तेज बदलणारे तारे पाहावेत, असे दोघांनी ठरवले. १७८२ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री गुडरिकला अल्गोल मंदावलेला दिसला. तो तारा बदलतो, हे सुमारे शंभर वर्षांपूर्वी इटलीतील एका निरीक्षकाने लिहून ठेवले होते. पण तो केव्हा बदलतो, हे कोणी सांगितले नव्हते. गुडरिकने रात्रीमागून रात्री नोंदी केल्या आणि १७८३ मध्ये त्याचा आवर्तकाल जाहीर केला. तो आजच्या मोजमापाशी काही मिनिटांच्या आत जुळतो. ताऱ्याभोवती फिरणारे एखादे मोठे पिंड मधे येत असावे, असा तर्कही त्याने मांडला. त्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. १७८६ च्या एप्रिलमध्ये, एकविसाव्या वर्षी, तो वारला. त्याचा तर्क खरा ठरायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. तेज कमी-जास्त होते, एवढ्यावरून ताऱ्याचा आकार, तापमान आणि वस्तुमान कसे काय काढायचे?

प्रथम आकार. रेल्वेच्या फाटकापाशी आपण थांबलो आहोत आणि समोरून गाडी जात आहे. तिचा वेग ठाऊक असेल, तर ती फाटकातून जायला किती वेळ लागला, यावरून तिची लांबी सांगता येते. ग्रहणाचेही तसेच आहे. एक तारा दुसऱ्याच्या समोरून जायला किती तास लागतात, ते तेजाच्या आलेखावरून कळते. हे तास आणि संपूर्ण फेरीचा काळ यांचे प्रमाण पाहिले, की कक्षेच्या मानाने तारे किती मोठे आहेत, ते समजते.

मग तापमान. एका फेरीत ग्रहणे दोन होतात : एकदा मंद तारा पुढे येतो, एकदा तेजस्वी. दोन्ही वेळा झाकले जाणारे क्षेत्र साधारण सारखेच असते. तरीही एका वेळी तेज खूप उतरते आणि दुसऱ्या वेळी थोडेच. याचा अर्थ, पहिल्या वेळी झाकलेला पृष्ठभाग अधिक तप्त होता. दोन उतारांच्या खोलीची तुलना केली, की दोन ताऱ्यांच्या तापमानांची तुलना होते. अल्गोलचा दुसरा उतार इतका उथळ आहे, की तो डोळ्यांना कधीच दिसत नाही. अमेरिकेतील जोएल स्टेबिन्स यांनी १९१० मध्ये विजेच्या साहाय्याने प्रकाश मोजणारे साधन वापरून तो पकडला. भरलेली आणि रिकामी गाडी हीच. पूर्ण प्रकाश आणि ग्रहणातला प्रकाश, यांची वजाबाकी.

राहिले वस्तुमान. त्यासाठी एकट्या तेजाच्या आलेखावर भागत नाही. ताऱ्यांचा वेग हवा. आगगाडी शिटी वाजवत जवळ येते तेव्हा शिटीचा स्वर चढा लागतो; ती दूर जाऊ लागली की स्वर उतरतो. प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला, की त्याच्या वर्णपटात काळ्या रेषा दिसतात. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या जांभळ्या रंगाकडे सरकतात आणि दूर जात असेल तर तांबड्याकडे. १८८९ मध्ये जर्मनीतील हेर्मान फोगेल यांनी अल्गोलच्या रेषा तपासल्या. ग्रहणापूर्वी तारा दूर जात होता आणि ग्रहणानंतर जवळ येत होता. कोणाभोवती तरी फिरत असल्याशिवाय असे घडणे शक्य नव्हते. यॉर्कच्या त्या मुलाचा तर्क असा सिद्ध झाला.

आता फुगडी आठवा. एक दांडगी मुलगी आणि एक किरकोळ मुलगी हात धरून फुगडी घालत आहेत. दांडगी मुलगी जागच्या जागी, लहानशा वर्तुळात फिरते. किरकोळ मुलगी मोठ्या वर्तुळात भरभर फिरते. दोघींचे वेग पाहूनच कोण किती पटींनी जड, ते सांगता येईल. अल्गोलचा तेजस्वी तारा सेकंदाला सुमारे ४४ किलोमीटर वेगाने फिरतो, तर त्याचा जोडीदार सुमारे २०० किलोमीटर वेगाने. म्हणजे तेजस्वी तारा जवळजवळ साडेचार पटींनी जड आहे. मात्र हा दुसरा वेग सहजासहजी हाती लागला नाही. मंद ताऱ्याच्या रेषा तेजस्वी ताऱ्याच्या झगमगाटात बुडून जात. फोगेल यांच्या निरीक्षणानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९७८ मध्ये त्या मोजता आल्या.

वेगाला फेरीच्या काळाने गुणले, की कक्षेचा परिघ मिळतो. परिघावरून दोघांतील अंतर कळते. ते एक कोटी किलोमीटरांच्या किंचित आत आहे. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असून तिला एका फेरीला वर्ष लागते; या दोघांतील अंतर त्याच्या सुमारे सोळाव्या हिश्शाएवढे आणि फेरी तीन दिवसांच्या आत पूर्ण होते. इतक्या वेगाने फिरूनही ते परस्परांपासून सुटून जात नाहीत, ते गुरुत्वाकर्षणामुळे. हे आकर्षण किती असायला हवे, ते केप्लर आणि न्यूटन यांच्या नियमांनी काढता येते. त्यावरून दोघांचे एकूण वस्तुमान मिळते आणि फुगडीच्या प्रमाणात त्याची वाटणी केली, की प्रत्येकाचे वेगळे वस्तुमान हाती येते.

यात ग्रहणाचे काम काय, असे कोणी विचारील. काट्यावर गाडी तोलताना तिची सगळी चाके काट्यावर आली आहेत ना, हे पाहावे लागते. नाहीतर वजन कमी भरते. ताऱ्यांची कक्षा आपल्या दृष्टीशी तिरकी असेल, तर त्यांच्या वेगाचा काही भागच आपल्याला दिसतो आणि वस्तुमान कमी भरते. किती भाग दिसला नाही, तेही कळत नाही. पण ग्रहण होते, याचा अर्थच असा, की ती कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसत आहे. तिचा उरलेला थोडा तिरकेपणा आलेखाच्या आकारावरून काढता येतो. म्हणून ताऱ्यांच्या मोजमापात ग्रहणकारी युग्मताऱ्यांना इतके मोल आहे. आपल्या देशातही हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने जपाल-रंगापूर येथील वेधशाळेतून अशा ताऱ्यांची अनेक वर्षे निरीक्षणे केली.

अल्गोलची पावती आता अशी तयार होते. तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून थोडे अधिक. त्रिज्या सूर्याच्या सुमारे २.७ पट, पृष्ठभागाचे तापमान १२ हजार अंशांहून अधिक. त्याच्या जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.७ पट, त्रिज्या मात्र ३.५ पट आणि तापमान साधारण साडेचार हजार अंश. हा जोडीदार हलका आहे, तरी आकाराने मोठा आहे. फुगलेला आणि थंडावलेला आहे.

या पावतीने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. जड तारा आपले इंधन लवकर संपवतो आणि लवकर म्हातारा होऊन फुगतो. दोघे बरोबरच जन्मले असतील, तर आधी म्हातारा व्हायला हवा तो जड तारा. इथे तर हलका ताराच म्हातारा झाला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास याचा उलगडा झाला. आज जो हलका आहे, तो एके काळी जड होता. तो फुगला, तेव्हा त्याचे बाहेरचे द्रव्य जोडीदाराच्या ओढीने त्याच्याकडे वाहून गेले. आज जो तारा तेजाने तळपतो आहे, त्याच्या तेजातला मोठा वाटा त्याच्या आड फिरणाऱ्या मंद ताऱ्याने दिलेला आहे. वजन केले नसते, तर हा व्यवहार कोणालाच कळला नसता.

मी हे सारे साध्या भाषेत लिहून, दोन आकृत्या काढून त्या गृहस्थांना टपालाने पाठवले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

“बाई, पटलं,” ते म्हणाले. “दोन्ही आकडे दाखवलेत. आता एकच विचारतो. काटा बरोबर आहे, हे कोण तपासतं? आमच्याकडं वैधमापनवाले येतात. ठरलेली वजनं काट्यावर ठेवून बघतात, मगच शिक्का मारतात.”

या वेळी मी हसले नाही आणि घाईने उत्तरही दिले नाही. दुसऱ्या दिवशी मानसरोवरहून मेट्रोने बडी चौपड गाठली आणि तिथून चालत जंतरमंतर पाहायला गेले. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली ही वेधशाळा. तिच्यातील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या भिंतीची सावली वक्र मापनपट्टीवर चढताना नुसत्या डोळ्यांना सरकताना दिसते. तिच्यावरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. सावलीवरून सूर्य मोजणारे ते यंत्र पाहताना मनात आले, की गच्चीवर मीही सावलीच मोजत होते; ती फक्त ९० प्रकाशवर्षांवरची होती.

तिथेच मला उत्तराचा धागा सापडला. पितळेची लहान यंत्रे झिजतात, हलतात आणि वेध चुकवतात, म्हणून जयसिंहाने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. पण त्याने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. जयपूरखेरीज दिल्ली, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही त्याने वेधशाळा उभारल्या; एका ठिकाणचे वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधांनी पडताळून पाहावेत, असा त्याचा हेतू होता. आकाशात ठरलेली वजने नेता येत नाहीत. तिथे एका काट्याची परीक्षा दुसऱ्या काट्यानेच करावी लागते.

अल्गोलच्या बाबतीतही तेच झाले. अमेरिकेत एकमेकांपासून दूर उभ्या केलेल्या अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून त्या जोडीच्या प्रतिमाच घेण्यात आल्या. त्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ग्रहणाच्या आलेखावरून ज्यांचे अस्तित्व आणि आकार काढले होते, ते दोन तारे त्यांत वेगवेगळे दिसले. फुगलेल्या ताऱ्याचा आकारही अपेक्षेप्रमाणे जोडीदाराच्या बाजूला ओढल्यासारखा होता. वेगळ्या काट्यावर वजन जुळले. असा पारखलेला काटा मग दूरवरही वापरता येतो. आकार आणि तापमान कळले, की ताऱ्याचे खरे तेज कळते. दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली, की अंतर मिळते. आपल्या आकाशगंगेची शेजारीण असलेल्या मोठ्या मॅगेलनी मेघाचे अंतर अशाच वीस जोड्यांवरून २०१९ मध्ये काढण्यात आले. ते सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे भरले आणि त्यातील अनिश्चितता शेकडा एकच्या आसपास होती.

हे मी फोनवरून सांगितले, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, “म्हणजे एकानं सांगितलं म्हणून कोणी ऐकत नाही. बरं.”

हा ‘बरं’ पहिल्या ‘बरं’सारखा नव्हता.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी त्या पाठातले वाक्य बदलण्याची सूचना केली. एक सदस्य म्हणाले, भाषेच्या पुस्तकात एवढ्या खोलात कशाला जायचे? ‘तिपटीहून अधिक आहे’ हे वाक्य सुटसुटीत आहे, निर्दोष आहे. ते निर्दोष होतेच. पण मी आग्रह धरला. आता ते वाक्य असे आहे : ‘या जोडीतील ताऱ्यांचे वेग आणि त्यांच्या ग्रहणाचा काळ मोजून असे दिसते, की तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून अधिक आहे.’ वाक्य थोडे लांबले आहे. समासातले माझे दोन शब्द मात्र मला खोडता आले.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्याआधी, ढग नसतील त्या रात्री, मी ग्रहण पाहून घेते. सुमारे वीस दिवसांनी ते पुन्हा सोयीच्या वेळी येते. भाभीजींना आता तक्ता वाचता येतो. साडेपाच तास मिळवायचे त्या विसरत नाहीत. आमच्या वहीत दोघींचे अंदाज शेजारी-शेजारी लिहिलेले असतात आणि जिथे ते जुळत नाहीत, तिथे आम्ही ते तसेच राहू देतो.